आई-लेकरू भात

ओसाकाला लेकीकडे महिनाभर राहून आले. परत आल्यापासून बस्तीत भेटणाऱ्या बायका एकच विचारतात, "तिथं खाल्लंस तरी काय?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

लेकीच्या घराजवळ, स्टेशनच्या रस्त्यावर, भाताच्या वाडग्यांचं आणि उदोनचं एक स्वस्त दुकान आहे. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, मऊ शेवया. पीठ, मीठ आणि पाणी, बस्स. दारातच एक यंत्र. चित्र बघून बटण दाबायचं, पैसे घालायचे, चिठ्ठी घेऊन बसायचं. दुकान चोवीस तास उघडं. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या माझ्यासारखीला दुपारी चार वाजताही कुणी "आता जेवण नाही" म्हणत नाही, याचं मला फार बरं वाटलं.

यंत्रावर एक चित्र मोठं होतं. "हे काय गं?" म्हणून विचारलं तर लेक जरा घुटमळली. "ओयाकोदोन. ओयाको म्हणजे आई-बाप आणि लेकरू." खाली भात, वर कोंबडीचं मांस आणि कोंबडीचंच अंडं. टोकियोतल्या तामाहिदे नावाच्या जुन्या खानावळीत 1891 च्या सुमारास हा पदार्थ झाला असं मानतात. नाव ठेवणाऱ्याला गंमत वाटली असेल. माझा हात मात्र बटणापासून मागं आला.

मी म्हटलं, "मग शेवया तरी खाऊया की." तेव्हा लेकीनं मान खाली घातली. "आई, त्या रश्शात मासा असतो. वाळवून, किसून उकळलेला. पहिले चार महिने मला ठाऊकच नव्हतं. आणि खरं सांगते, कळल्यावरही दोनदा खाल्ला. थंडी होती, भूक होती."

मी काही बोलले नाही. नुसता भात मागवला. लेकीनं तिथल्या मुलाला विचारून घेतलं आणि मी पिशवीतली शेंगाचटणी काढली. दोघी मुकाट्यानं जेवलो.

त्या रात्री झोप आली नाही. बुद्धाला मानणारा देश, आणि तिथं साध्या शेवयांनाही मासा का सुटू नये? मग लेकीला बसवून वाचून घेतलं, मीही वाचलं, आणि वाचता वाचता रागाची जागा विचारानं घेतली.

इसवी सन 675 मध्ये सम्राट तेन्मूनं हुकूम काढला होता, की चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाऊ नये. आपल्या चातुर्मासाची आठवण व्हावी असा हा काळ. हरीण आणि रानडुक्कर त्या यादीत नव्हते, मासा तर नव्हताच. पण पुढं बाराशे वर्षं गाई-बैलांचं मांस तिथल्या सर्वसाधारण घरात निषिद्धच राहिलं. मध्ये शोगुन त्सुनायोशीनं जीवदयेचे कडक हुकूम काढले. 1709 मध्ये तो वारला आणि त्यातले बहुतेक लगेच रद्द झाले.

मग 1872 उजाडलं. जानेवारीत सम्राट मेइजीनं स्वतः गोमांस खाल्लं आणि ते सगळीकडे जाहीर झालं. पाश्चात्यांसारखं बळ हवं तर त्यांच्यासारखं खा, असा तेव्हाचा सूर होता. विरोध म्हणून दहा डोंगर-तपस्वी राजवाड्यात घुसले, त्यातले काही मारले गेले. त्याच वर्षी सरकारनं भिक्षूंनाही मांस खायची आणि लग्न करायची मोकळीक दिली. 1899 मध्ये टोकियोच्या निहोनबाशी मासळीबाजारात योशिनोया हे गोमांस-भाताचं दुकान निघालं. बाजारातल्या कामकऱ्यांना पटकन आणि पोटभर मिळावं एवढाच हेतू. आज त्याच्या शाखा जगभर आहेत. भात आणि उदोन दोन्ही देणारं नाकाऊ 1969 मध्ये ओसाकाजवळच्या इबाराकीत सुरू झालं. म्हणजे बाराशे वर्षांचा नियम आणि स्वस्त वाडगा यांच्यामध्ये जेमतेम सत्तावीस वर्षं. एक पिढी!

मी घाबरले ती इथं. वरून आलेला नियम वरूनच गेला. आपल्या घरात नियम कुठून आलाय? मी लेकीला "आपल्यात चालत नाही" एवढंच शिकवलं. का चालत नाही, हे कधी नीट सांगितलंच नाही. तोही माझा हुकूमच झाला की.

पण त्याच देशात दुसरी गोष्टही सापडली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची. तिच्या चार वर्षं आधी जपानात दोगेन जन्मला. 1223 मध्ये तो चीनला गेला. जहाजावर त्याला एका मठाचा म्हातारा आचारी भेटला. भिक्षूंसाठी शेवयांचा रस्सा करायचा म्हणून अळंबी विकत घ्यायला तो दूरवरून चालत आला होता. (अळंबी आपल्याला चालत नाही, ते सोडा.) दोगेननं विचारलं, या वयात ध्यान सोडून स्वयंपाक का? म्हातारा हसला. पुढं 1237 मध्ये दोगेननं मठाच्या आचाऱ्यासाठी पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगितलं, की तांदूळ आणि पाणीसुद्धा आईबापांनी लेकराला जपावं तसं हाताळावं. मठांतला तो शाकाहारी स्वयंपाक सम्राटानं गोमांस खाल्ल्यावरही बंद पडला नाही. तो हुकमावर उभा नव्हता, रोजच्या हातांवर उभा होता.

आई-बाप आणि लेकरू, शब्द तेच. एका वाडग्यात ती थट्टा झाली, दुसऱ्यात दया.

सकाळी लेकीला म्हटलं, "तू खाल्लंस म्हणून मी रागावले नाही. मी सांगितलं नाही, ती चूक माझी." ती रडली, मग मीही. संध्याकाळच्या आत तिनं कोंबू आणला. हा समुद्रातला पाला. जुन्या काळी उत्तरेकडून जहाजं तो ओसाकाला आणत, आणि मठांत रस्सा त्याचाच होतो. आमच्यात तो सगळ्यांना चालेल असं नाही, म्हणून मी माझ्या शेवया नुसत्या गरम पाण्यातून काढून तूप-मिरपूड घालून खाल्ल्या. तिनं कोंबूचा रस्सा घेतला. काय सोडायचं आणि का, हे आता ती मला विचारते आणि मी "चालत नाही" म्हणून विषय संपवत नाही.

तर बायांनो, तिथं मी भात खाल्ला आणि शेवया खाल्ल्या. बाकी बरंच काही पचवायला लागलं.