गडाखालची रयत



लोहगड पाहून आलेला मनुष्य दरवाज्यांचे, बुरुजांचे आणि विंचूकाट्याचे वर्णन करतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, त्यांत हा गड आहे. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु त्याच्या पायथ्याशी लोहगडवाडी आहे, आणि अशा वाड्यांनी लढाया कशा सोसल्या हे विचारायला फारसे कोणी थांबत नाही.

१६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरास वेढा घातला आणि त्याच वेळी आपले सरदार मावळात सोडले. त्यांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या पायथ्याची गावे जाळली. लोहगड मोगलांना मिळाला तो पुढे जूनमधील तहाने. लढाईत जळाली ती गावे. १७७९ च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज तळेगावास पोचली, तेव्हा शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच ते पेटवून दिले होते. आग परक्यांची असो वा आपल्यांची, छप्पर रयतेचेच!

मग या रयतेने करावे काय? याच घरांतले पुष्कळ तरुण मावळे म्हणून लढले, हे खरे. पण ज्यांनी शस्त्र धरले नाही, त्यांच्या हाती एक उपाय होता: परागंदा होणे. दाणे लपवायचे, गुरे हाकायची आणि मुलाबाळांसह रानात किंवा घाटाखाली उतरायचे. याला कोणी भ्याडपणा म्हणेल. मी कामगार चळवळीतला मनुष्य. मला यात निराळेच काही दिसते. नांगर थांबला की सारा बुडतो, आणि सारा बुडाला की फौजेचा पगार थकतो. म्हणून अंमल कोणाचाही असो, त्याला गावी कौल पाठवावा लागे. कौलात अभय असे आणि बहुधा इस्तावाही: पहिल्या वर्षी सारा थोडा, मग दरसाल चढत जाऊन पुरा. संपानंतर कारखान्यात करार होतो, त्याच जातीची ही गोष्ट.

शिवाजी महाराजांनी हे पुरते ओळखले होते. १६६२ साली मोगल येणार असे कळताच त्यांनी सर्जेराव जेधे यांना लिहिले, की रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली सुरक्षित जागी पोचवा. हयगय केलीत तर पाप तुमच्या माथी. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीला त्यांनी बजावले, की कुणब्याचे दाणे, गवत, भाजी ओरबाडाल तर राहिलेला कुणबीही निघून जाईल. या पत्रात दया आहे, तसा राज्याचा रोखठोक हिशेबही आहे.

या माणसांनी अहिंसेचे व्रत घेतले नव्हते, आणि गाव सोडण्याची किंमत त्यांनी उपासमारीत मोजली. युद्धात नागरिकांना रक्षण देणारा जिनीव्हाचा करार १९४९ चा; त्याआधी कुणब्याचे संरक्षण म्हणजे त्याची गैरहजेरी.

मार्च १८१८ मध्ये लोहगड जवळजवळ न लढता इंग्रजांच्या हाती गेला. निशाण बदलले. पण पावसाळा तोंडावर होता, आणि खाचरात भात लावणाऱ्या हातांची गरज नव्या सरकारलाही जुन्याइतकीच होती.