रंगो बापूजी : साताऱ्याच्या वकिलाची लंडनमधली चौदा वर्षे

१) सातारा-सांगलीकडच्या घराघरांतून कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईला गेलेला असतो. मित्रहो, आजची कथा मात्र मुंबईच्याही पलीकडे गेलेल्या एका गृहस्थांची आहे. १८३९ मध्ये भरला संसार मागे ठेवून रंगो बापूजी गुप्ते लंडनच्या वाटेला लागले, ते १८५३ च्या अखेरीस परतले. एवढा काळ ते तेथे काय करीत होते?

२) आधी थोडी पार्श्वभूमी. पेशवाई बुडाली आणि १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचे राज्य दिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग या राज्यात होता. औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट येथील जहागीरदारही या राज्याशी जोडलेले होते.

३) या जहागिरींवर अखेरचा हक्क कोणाचा, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात बिनसले. तहातील कलमांवर बोट ठेवून महाराजांनी दाद मागितली. ती मागता मागता १८३६ मध्ये त्यांच्यावरच आरोप आले : देशी पलटणीतील सुभेदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी संधान बांधणे.

४) चौकशी झाली, ती बंद दाराआड. उघडपणे पुरावा तपासून स्वतःची बाजू मांडण्याची रीतसर संधी महाराजांना मिळाली नाही. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नॅक साताऱ्यास आले. चूक कबूल करून अटी मान्य कराव्यात, गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी ते पदच्युत झाले आणि पुढे त्यांची रवानगी काशीला झाली. गादीवर त्यांचे धाकटे बंधू आप्पासाहेब (शहाजी) बसले.

५) महाराजांची मागणी एकच होती : खुली चौकशी करा. ती मांडण्यासाठी त्यांनी लंडनला वकील पाठवले. मीर अफझल अली आधीच गेले होते. मग यशवंतराव शिर्के आणि रंगो बापूजी यांची रवानगी झाली. पुढे सोबतचे परतले. रंगो बापूजी मात्र मागे राहिले.

६) लंडनच का? येथे कंपनीची रचना समजून घ्यावी लागते. कंपनीचा कारभार चोवीस संचालक पाहत आणि लेडनहॉल स्ट्रीटवरच्या वाड्यात भागधारकांची सभा भरे. एक हजार पौंडांचे भाग असणाऱ्यास एक मत आणि दहा हजारांवर चार मते. हिंदुस्थानातील एखाद्या राज्याच्या भवितव्यावर बोलण्याचा अधिकार तेथे भाग विकत घेऊन मिळत असे.

७) रंगो बापूजींनी हे बळाबळ ओळखले. दरबारी वकिलाची जुनी रीत खलिता, नजराणा, मुलाखत अशी होती. लंडनमध्ये तिचा उपयोग नव्हता. तेथे लागत छापील पत्रके, सभेत बोलणारा भागधारक आणि पार्लमेंटात प्रश्न मांडणारा सभासद. मोडीत कारभार करणाऱ्या या माणसाने ती नवी रीत आत्मसात केली.

८) माणसेही मिळाली. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न उचलला. गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन भागधारकांच्या सभेत बोलले. सर्वांत लक्षणीय नाव जनरल लॉडविक यांचे. ते साताऱ्याचे माजी रेसिडेंट आणि त्या गुप्त चौकशीतील एक सभासद. पुढे तेच महाराजांच्या बाजूने उभे राहिले.

९) सभा झाल्या, भाषणे झाली, मते मोजली गेली. निकाल मात्र बदलला नाही. लंडन ऐकून घेत असे. ऐकलेले मान्य करणे ही निराळी गोष्ट होती.

१०) सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी काशीहून वा साताऱ्याहून निघालेले पत्र लंडनला पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे उलटत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंहांचे काशीत निधन झाले, तेव्हा त्यांचा वकील लंडनमध्ये होता. ती वार्ता येईपर्यंत तो मृत राजाचीच वकिली करीत होता.

११) ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे मत राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होते. डलहौसींनी ते मानले नाही. दत्तक नामंजूर करून खालसा केलेल्या डलहौसींच्या काळातील राज्यांत सातारा हे पहिले ठरले.

१२) माझ्या मते या कथेचे मर्म येथे आहे. धनी उरला नाही, राज्यही उरले नाही. वकिलाने परतावे, यास आता कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. तरीही रंगो बापूजी आणखी काही वर्षे त्या शहरात राहिले आणि दत्तकाचा हक्क मांडत राहिले. राजाचा वकील म्हणून गेलेला माणूस आता एका प्रकरणाचा वकील झाला होता.

१३) कर्ज वाढले होते. १८५३ मध्ये कंपनीच्या सनदेचा नवा कायदा झाला आणि तिचा कारभार पुढे चालू राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजी परतीस निघाले, आणि त्या प्रवासाचा खर्च कंपनीनेच उचलला. ज्यांच्याविरुद्ध दाद मागितली, त्यांच्याच पैशाने घरी यावे लागले.

१४) अझीमुल्ला खान आणि रंगो बापूजी यांची लंडनमध्ये भेट झाली, असे सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात लिहिले आणि ती कथा लोकप्रिय झाली. पण रंगो बापूजींचे मोठेपण त्या एका भेटीवर तोलू नये. कायद्याच्या प्रत्येक दारावर थाप मारून झाल्यावर ते १८५७ कडे वळले, हे ध्यानात घ्यावे.

१५) साताऱ्यातील उठावाचा बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला : कोणास फाशी, कोणास तोफेच्या तोंडी, कोणास गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. स्वतः रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कधीच सापडले नाहीत.

१६) हिशेब मांडला तर अंगावर काटा येतो. लंडनसाठी चौदा वर्षे, आणि परतल्यावर मुलाच्या सहवासाची जेमतेम चार.

१७) १८५७ म्हटले की आपण तलवारी आठवतो. त्यामागे अर्ज, पत्रके आणि सभा यांची दीड तपाची खटपट होती, हे साताऱ्याकडे पाहिले की कळते. पुढच्या पिढ्यांनी सनदशीर राजकारण म्हणून जे चालवले, त्याची एक वाट या वकिलाने एकट्याने चालून पाहिली होती.

१८) साताऱ्यास गेलात तर अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपाशी अवश्य थांबा. तेथे रंगो बापूजी आणि १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. खाली सारे शहर दिसते. ज्याच्यासाठी ते त्या दूरच्या शहरात इतकी वर्षे राहिले, तेच हे शहर.