जात्याचा दगड आला कुठून?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. आमच्या गटातल्या थोरल्या मावशींना तो हादरा आठवतो. त्या अजून विचारतात, "खाली लाव्हा उकळतोय म्हणतात, खरं का गं?"

खरं नाही. पण आपला काळा पाषाण, म्हणजे जात्याचा, पाट्या-वरवंट्याचा बेसाल्ट, हा मात्र एके काळी लाव्हाच होता. हेही पूर्वी सगळे मानत नसत. युरोपातले मोठे पंडित सांगत, की हा दगड समुद्राच्या पाण्यात गाळ बसून झाला. १७९८ साली स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी असा दगड भट्टीत वितळवला. झटकन गार केला तर काच झाली, हळूहळू निवू दिला तर पुन्हा रवाळ दगड! तूप सावकाश थिजलं की कसं कणीदार होतं, तसंच.

मग हा रस आला कुठून? आपल्या पायाखाली तीस-चाळीस किलोमीटर जाडीचं कवच, आणि त्याखाली २९०० किलोमीटर खोलपर्यंत प्रावरण. प्रावरण तापलेलं असतं, पण रस नव्हे, जवळजवळ सगळा घट्ट खडकच. वरच्या भाराने तो वितळत नाही. त्यातला एखादा भाग हळूहळू वर सरकला, की भार कमी होतो आणि आच न वाढवताही थोडा खडक वितळतो. कुकरची शिट्टी उचलली की आतलं पाणी एकदम खळखळतं ना, काहीसं तसंच. गूळ-शेंगदाणे तापवले की गूळ पातळ होतो, दाणे तसेच राहतात. इथेही सोपं वितळणारं तेवढं वर येतं, तोच बेसाल्ट. मागे उरतो तो ऑलिव्हिन नावाच्या हिरव्या खनिजाने भरलेला खडक. कच्छमध्ये भुजच्या आसपास काळ्या दगडात असे हिरवे तुकडे अडकलेले सापडतात. लाव्हाने ते वाटेत उचलून वर आणले. ऑलिव्हिनच्या कणात मॅग्नेशियम किती, यावरून रस किती तापला होता याचा अंदाजही बांधता येतो. (आपल्या दगडातल्या पोकळ्यांमधले पांढरे चमकते खडे मात्र नंतर पाण्याने भरले, त्यांचा प्रावरणाशी संबंध नाही.)

माणूस स्वतः तिथवर पोचलेला नाही. १९६१ साली अमेरिकेने मेक्सिकोजवळ समुद्रतळाला भोक पाडलं, गाळाखाली जेमतेम १३ मीटर बेसाल्ट लागला. १९६६ मध्ये पैसा बंद, काम बंद. म्हणून दगडालाच विचारावं लागतं.

आपल्याकडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. काळा पाषाण सुमारे ३३८ मीटरवर संपला. त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना, थंड, टणक खडक. लाव्हा कुठेच नाही.

"मग हादरा कशाचा?" मावशी. भारताची भूमी उत्तरेकडे रेटते आहे, त्या ताणाने जुन्या खडकातली भेग सरकली. माणसं मात्र मेली ती बहुतेक घरांखाली. हाच काळा दगड, नुसत्या मातीत रचलेल्या जाड भिंती, आणि वर माळवदाचं ओझं.