कारखान्याच्या भिंतीपलीकडील धूळ

अग्नींत न जळणारा आणि सुताप्रमाणें विणतां येणारा दगड म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. यंत्रयुगाला तो वरदानासारखा वाटला. परंतु त्याची धूळ कामगारांचीं फुप्फुसें निकामी करते, हें ब्रिटिश सरकारच्या चौकशींत १९३० सालीं स्पष्ट झालें, आणि पुढील वर्षीं त्याविषयीं नियमहि झाले. त्या नियमांचें क्षेत्र मात्र कारखान्याच्या भिंतींपुरतेंच होतें. धुळीला ही मर्यादा ठाऊक नव्हती.

दक्षिण आफ्रिकेंत किंबर्ले शहराच्या पश्चिमेस निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्या भागांतून क्षयाचे म्हणून आलेल्या कांहीं रोग्यांना क्षयाच्या औषधांनीं गुण येईना. पुढें वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड या तिघांनीं १९६० सालीं मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसांवरील पातळ आवरणाच्या कर्करोगाच्या, ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एक वगळतां सर्वांचा त्या निळ्या धुळीशीं संबंध आला असावा, असें दिसून आलें. विशेष हें कीं, त्यांतील कित्येकजण खाणकामगार नव्हतेच. त्यांचें बालपण तेवढें खाणींच्या शेजारीं गेलें होतें.

१९६५ सालीं लंडनमध्यें न्यूहाउस व टॉमसन यांनीं अशा ७६ रोग्यांचा पूर्वेतिहास प्रसिद्ध केला. ३१ जणांचा संबंध कामामुळें आला होता. ९ जणांच्या घरचें माणूस या धंद्यांत होतें. त्यांत बहुतेक नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. उरलेल्या ३६ पैकीं ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आंत राहिलेले होते. ज्या स्त्रीनें पतीचे कपडे झटकून धुतले, तिचें नांव कोणत्याहि हजेरीपटावर नव्हतें.

हे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर खोल जातात, आवरणापर्यंत पोंचतात आणि तेथें वर्षानुवर्षें टिकतात. त्यांच्या सततच्या दाहांतून हा रोग उद्भवतो. लंडनच्या रोग्यांत पहिल्या संपर्कापासून शेवटच्या दुखण्यापर्यंत १६ ते ५५ वर्षें लोटलीं होतीं. धूम्रपान या रोगाचें कारण नव्हे; अ‍ॅस्बेस्टॉसच्या जोडीला तें आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र पुष्कळच वाढतो.

ब्रिटननें १९९९ सालीं आणि दक्षिण आफ्रिकेनें २००८ सालीं अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे सिमेंटच्या पत्र्यांत पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस अजून वापरला जातो, आणि तोहि कर्करोगकारक ठरलेला आहे. म्हणून पत्रा कापणाऱ्या मजुराबरोबरच त्याचे कपडे धुणारी बाई आणि जवळ खेळणारें मूल यांचाहि विचार कायद्यानें व समाजानें केला पाहिजे.