ईव्ह ऑनलाइन चाहता-पॉडकास्ट

ईव्ह ऑनलाइन चाहता-पॉडकास्ट म्हणजे ईव्ह ऑनलाइन या बहुखेळाडू ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंनी स्वतःच्या हौसेने, आणि बहुतेक वेळा पदरमोड करून, चालवलेल्या ध्वनिमालिका होत. खेळातील युद्धे, राजकारण, व्यापार, नियमांतील बदल आणि खेळाडूंच्या मुलाखती हे त्यांचे मुख्य विषय असतात. खेळाची निर्माती कंपनी करते त्या अधिकृत प्रक्षेपणांपासून हे पॉडकास्ट वेगळे आहेत. 'टॉकिंग इन स्टेशन्स', 'डिक्लेरेशन्स ऑफ वॉर', 'क्रॉसिंग झेब्राज' आणि 'द मेटा शो' ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. यांपैकी काही केवळ ध्वनिरूपात प्रसिद्ध होत, तर काही थेट दृक्‌श्राव्य प्रक्षेपणाच्या स्वरूपात होतात.

पार्श्वभूमी

ईव्ह ऑनलाइन हा खेळ आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी प्रसिद्ध केला. त्याचे कथानक अवकाशात घडते. जगभरचे खेळाडू एकाच सामाईक विश्वात वावरतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अन्य अनेक ऑनलाइन खेळांत खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरांवर विभागलेले असतात. त्यामुळे एका सर्व्हरवरील घटनेचे दुसऱ्या सर्व्हरवरील खेळाडूला सोयरसुतक नसते. ईव्हमध्ये मात्र एका टोकाला साम्राज्य कोसळले की दुसऱ्या टोकाच्या बाजारपेठेत भाव बदलतात. खेळाडू 'कॉर्पोरेशन' नावाचे गट स्थापन करतात, अनेक गट मिळून 'अलायन्स' होते आणि अलायन्सांचे तह-करार खेळाडू स्वतःच करतात व मोडतातही. फितुरी आणि हेरगिरी यांना नियमांची आडकाठी नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या काळची बलाढ्य अलायन्स तिच्याच एका फुटीर संचालकाने आतून बरखास्त केली, ती कोणतीही लढाई न होता.

अशा विश्वात बातमीला किंमत असते. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या तारामंडळात सुरू झालेली लढाई सुमारे २१ तास चालली. तीत 'टायटन' वर्गातील ७५ महानौका नष्ट झाल्या आणि एकूण नुकसानीचा अंदाज खऱ्या चलनात तीन लाख अमेरिकी डॉलरांच्या घरात गेला. एका ताबा-शुल्काचा भरणा न झाल्याचे निमित्त या लढाईला पुरले. गर्दीमुळे सर्व्हरवर ताण आला की खेळातील काळ मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत मंद केला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष लढणाऱ्यालाही समोरच्या दोन-चार नौकांपलीकडे फारसे काही उमगत नाही. कोण कोणाच्या बाजूने आले, कोणी ऐन वेळी माघार घेतली आणि का, हे दुसऱ्या दिवशी कोणीतरी जुळवून सांगावे लागते. चाहता-पॉडकास्टांची गरज येथून निर्माण झाली. लिखित वृत्तान्तही प्रसिद्ध होत. परंतु पराभूत सेनापतीच्या आवाजातील थकवा किंवा बढाई लेखणीत पुरती उतरत नाही.

तांत्रिक पूर्वपीठिका

आरएसएस या वितरणपद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची सोय २००० च्या अखेरीस झाली. 'पॉडकास्ट' हा शब्द पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये द गार्डियन या दैनिकातील लेखात वापरला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टचा समावेश केला आणि सामान्य श्रोत्याला नवा भाग आपोआप मिळू लागला. ईव्हच्या खेळाडूंकडे हेडफोन व मायक्रोफोन मात्र आधीपासून होतेच, कारण ताफ्याला आज्ञा तोंडी दिल्या जात. टीमस्पीक, व्हेंट्रिलो, मम्बल आणि २०१५ नंतर डिस्कॉर्ड ही त्यांची संभाषणाची साधने होत. ज्या साधनावर युद्ध चाले त्याच साधनावर मैफल जमवणे हा पुढचा टप्पा फारसा अवघड नव्हता.

आरंभाची पद्धत

नव्या पॉडकास्टचा आरंभ बहुधा दोन-तीन परिचित खेळाडूंच्या गप्पांतून होतो. पहिला निर्णय व्याप्तीचा असतो: संपूर्ण खेळ, केवळ युद्धे, की केवळ नवख्यांसाठी मार्गदर्शन. व्याप्ती न ठरवता सुरू केलेल्या मालिकेची विषयपत्रिका काही भागांतच कंपनीच्या घोषणांच्या वाचनापुरती उरते, आणि त्या घोषणा श्रोत्याने आधीच वाचलेल्या असतात.

ध्वनिमुद्रणात सर्वांत महत्त्वाचा नियम असा की प्रत्येक सहभागीने आपला आवाज आपल्याच संगणकावर स्वतंत्र मुद्रित करावा. इंटरनेटवरून आलेला आवाज तुटतो. शिवाय सर्वांचे आवाज एकाच फितीत मिसळले गेले, तर एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यातून वेगळा काढता येत नाही. आरंभी सर्वांनी एकदम टाळी वाजवली म्हणजे संपादनाच्या वेळी स्वतंत्र फिती जुळवणे सोपे जाते. संपादनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे असते. महागड्या मायक्रोफोनपेक्षा पडदे, गाद्या व पुस्तके असलेली लहान खोली अधिक उपयोगी पडते, कारण तीत प्रतिध्वनी कमी होतो. केवळ बोलण्याची फीत ६४ केबीपीएस दराने एमपीथ्री स्वरूपात ठेवली, तर तासाभराच्या भागाला सुमारे २९ एमबी जागा लागते. त्यामुळे साठवणुकीचा खर्च आटोक्यात राहतो. खर्च होतो तो वेळेचा: तासाभराच्या संभाषणाचे काळजीपूर्वक संपादन करण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

वेळ जुळवणे ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. खेळाचे घड्याळ समन्वित वैश्विक वेळेनुसार (यूटीसी) चालते व तीच 'ईव्ह वेळ' म्हणून ओळखली जाते. रविवारी २०.०० वाजता बैठक ठेवली तर ती युरोपात संध्याकाळ, अमेरिकेत दुपार, सिडनीत सोमवारची सकाळ आणि भारतात सोमवारची पहाट, म्हणजे दीड वाजलेला असतो. सर्व्हरची दैनंदिन देखभाल ११.०० वाजता, भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारला होते.

संगीताबाबत नवोदितांची चूक हमखास होते. प्रसिद्ध गीताचे काही सेकंद वापरण्यास परवानगी लागत नाही हा समज निराधार आहे. संगीत स्वतः रचावे, किंवा परवाना स्पष्ट असलेलेच वापरावे. खेळाचे बोधचिन्ह, चित्रे व ध्वनी यांचे हक्क सीसीपीकडे आहेत, त्यामुळे मुखचित्र तयार करण्यापूर्वी कंपनीचे चाहत्यांसाठीचे नियम पाहणे आवश्यक ठरते.

गोपनीयता आणि पक्षपात

अन्य खेळांच्या पॉडकास्टांना सहसा न भेडसावणारा एक प्रश्न येथे मध्यवर्ती आहे. पाहुणा म्हणून आलेला सेनापती जे बोलतो ते शत्रूही ऐकतो. ताफ्याचे ठिकाण, हल्ल्याची वेळ, नौकांची संख्या यांचा अनवधानाने झालेला उल्लेख शेकडो खेळाडूंचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया घालवू शकतो. म्हणून काही निवेदक प्रसिद्धीपूर्वी पाहुण्याला आक्षेपार्ह भाग वगळण्याची मुभा देतात. काही मात्र लढाई संपल्याखेरीज त्या विषयाला हातच घालत नाहीत. याच्या उलट, अलायन्सच्या बंद सभांतील भाषणे हेरांनी गुपचूप मुद्रित करून जाहीर करण्याचे प्रकारही या समुदायाला नवे नाहीत. अशी फीत पॉडकास्टमध्ये वाजवावी की नाही यावर मतभेद आहेत. खेळाचे नियम ती रोखत नसले, तरी ज्याने एकदा वाजवली त्याच्याकडे पुढचा पाहुणा सावधपणेच येतो.

निवेदक स्वतः कोणत्या ना कोणत्या पक्षाचा असतोच. संपूर्ण तटस्थ खेळाडूला आतल्या बातम्या मिळत नाहीत आणि आतल्या बातम्या मिळणारा तटस्थ राहत नाही. 'द मेटा शो' हा इम्पीरियम या आघाडीच्या गोटातील कार्यक्रम आहे आणि तो ते लपवत नाही. उघड पक्षपात हा छुप्या पक्षपातापेक्षा श्रोत्याला अधिक सोयीचा असतो.

२००८ पासून खेळाडू 'कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट' ही प्रतिनिधी-परिषद निवडून देतात. तिच्या सदस्यांना कंपनीच्या योजनांची आगाऊ माहिती मिळते व त्यासाठी गोपनीयतेचा करार करावा लागतो. निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या मुलाखती घेणे ही पॉडकास्टांची परंपराच झाली. काही निवेदक स्वतःही परिषदेवर निवडून आले. त्यांना मात्र आपल्याच कार्यक्रमात, सर्वांत रंजक विषयावर, मौन पाळावे लागले.

अर्थकारण

चाहता-पॉडकास्टांचे उत्पन्न तुटपुंजे असते. पेट्रिऑनसारख्या सेवांतून काही श्रोते ऐच्छिक वर्गणी देतात. खेळातील 'इस्क' या चलनातही देणग्या येतात. मात्र इस्क खऱ्या पैशांत विकणे नियमबाह्य असल्याने त्यातून सर्व्हरचे भाडे भरता येत नाही. एके काळी इस्कवर चालणारी जुगार-संकेतस्थळे चाहत्यांच्या अनेक उपक्रमांना पाठबळ देत. २०१६ च्या मोठ्या युद्धात अशाच एका संकेतस्थळाच्या चालकांनी एका बाजूला अमाप धन पुरवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने खेळातील मालमत्तेवर जुगार चालवण्यास बंदी जाहीर केली व नोव्हेंबरपासून ती लागू झाली. ज्यांचा गाडा या पाठबळावर चालत होता त्यांना ते एकाएकी गमवावे लागले.

सातत्य

पॉडकास्ट बंद पडण्याचे कारण बहुधा पैसा नसते. संपादनाचा भार एकाच व्यक्तीवर येतो; तिला नोकरी व संसार असतो; आणि कार्यक्रमासाठी खेळाच्या बातम्या वाचता वाचता प्रत्यक्ष खेळणे मागे पडते. निवेदकाने खेळ सोडला की श्रोत्यांना ते पुढच्या एक-दोन भागांतच जाणवते. दीर्घकाळ टिकलेल्या मालिकांत निवेदकांचा ताफा मोठा असतो व पाळ्या लावलेल्या असतात.

मालिका थांबली तरी जुने भाग टिकतीलच असे नाही. साठवणुकीचे भाडे थकले की फिती नाहीशा होतात. खेळातील युद्धांचा अधिकृत इतिहास त्या त्या वेळी कोणी लिहिला नव्हता. पत्रकार अँड्र्यू ग्रोएन यांचे 'एम्पायर्स ऑफ ईव्ह' हे पुस्तक २०१६ मध्ये आले, तेव्हा त्यात वर्णिलेल्या काही घटनांना दहा वर्षे उलटून गेली होती. म्हणून काही चाहते बंद पडलेल्या मालिकांचे भाग उतरवून जपून ठेवतात.