दोन गुंठे प्लॉट घेताय? सातबारा सामाईक आहे का, ते आधी बघा

छत्रपती संभाजीनगर : शेंद्रा-बिडकीनची ऑरिक सिटी, २०२४ मध्ये बिडकीनसाठी जाहीर झालेला टोयोटाचा कारखाना आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. या तिन्हींच्या नावावर सावंगी, माळीवाडा, करमाड, बिडकीन पट्ट्यात प्लॉट विकले जातात. रानात चुन्याच्या रेघा मारल्या, कमान उभी केली, की झाली 'सिटी' तयार! वर्षात दर डबल होईल असं एजंट सांगतो. होईलही. पण तो डबल दर हातात पडायला प्लॉट आपल्याला विकता आला पाहिजे. गाडं तिथंच अडतं.

शेतजमिनीला तुकडेबंदी कायदा आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार आपल्या जिल्ह्यात जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं आहे. त्यामुळे शेतातल्या दोन गुंठ्यांचं सरळ खरेदीखत होत नाही. मग युक्ती निघते. दहा गिऱ्हाईकं गोळा करायची आणि वीस गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून माणूस खूश. पण दहा जणांपैकी कोणाचा तुकडा कुठला, हे सरकारी कागदावर कुठंच नसतं. तुम्ही रोडटच म्हणून जादा पैसे मोजले असतील, तरी कागदावर तुमचा फक्त दहावा हिस्सा. पुढं विकायला निघालात की घेणारा बाकी नऊ जणांची संमती मागतो. त्यातला एखादा वारला तर त्याचे वारस शोधत बसा. घरासाठी कर्ज मागितलं तर बँक मंजूर लेआउट विचारते.

बाँडवर नोटरी करून घेणं तर याहून वाईट. नोंदणी न झालेल्या कागदाने जमिनीची मालकी येत नाही, मग बाँड पाचशेचा असो की हजाराचा.

"सरकारने तुकडेबंदी उठवली" असंही सांगतात. २०२५ मधली सवलत मुख्यतः शहर हद्दीतल्या आणि बिगरशेती झोनमधल्या, ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या जुन्या व्यवहारांसाठी आहे. हिरव्या झोनमधल्या रानात आज पाडलेल्या प्लॉटला तिचा उपयोग नाही.

म्हणून पहिला प्रश्न : मंजूर लेआउट कुठं आहे? सही-शिक्क्याचा नकाशा मागा आणि त्यावर आपला प्लॉट नंबर शोधा. मंजुरी तात्पुरती की अंतिम, हेही विचारा. रस्ते, नाल्या झाल्याशिवाय अंतिम मंजुरी मिळत नाही. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, पण रस्ते आणि मोकळी जागा सोडल्यावर बरीच कमी जागा विकायला उरते. एकरात चाळीसच्या चाळीस गुंठे विकणाऱ्याने रस्ता तुमच्याच प्लॉटातून मोजलाय, हे नक्की समजा.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराची नोंदणी लागते. नोंदणी नसताना जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा, बोर्डावर काहीही लिहिता येतं.

मराठवाड्यात आणखी एक भानगड आहे. निजामकाळातल्या इनाम, कूळ आणि देवस्थानच्या जमिनी पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बोजा, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम बघा. मोठी रक्कम असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि तिथून पुढचे सगळे फेरफार वकिलाकडून तपासून घ्या. वकिलाची फी जड वाटते खरी, पण एजंटचं कमिशन त्याहून जास्त असतं.

एजंटच्या मोबाइलमधला सातबाऱ्याचा फोटो चालत नाही. महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो स्वतः काढा. रेराच्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. आणि तेवढीही द्यायची झाली तर चेकने किंवा बँकेतूनच द्या, पावतीवर गट नंबर आणि प्लॉट नंबर दोन्ही लिहून घ्या.