गाविलगडाची वाट आणि तोफा ओढणारे हात

दर्यापूर हे सपाटीवरचे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, विहिरीला खारे पाणी, नजर जाईल तिथवर टेकडी म्हणून नाही. परंतु पावसाळा सरला, आभाळ निवळले की उत्तरेला एक निळी रेघ दिसू लागते. तो सातपुडा. आपली चंद्रभागा तिकडूनच खाली येते. चिखलदऱ्याला आपण सारेच जातो. गाविलगड पाहतो, लेकरांचे फोटो काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. परंतु या घाटाने एकेकाळी काय वर गेले आणि ते कोणी नेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

गाविलगड हे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात. गुरे राखणारांची ती जागा होती. पुढे १४२५ साली अहमदशहा बहामनीने तेथे पक्का किल्ला बांधला. गवळ्यांचे फक्त नाव राहिले, गड राजांचा झाला. शेवटी तो नागपूरकर भोसल्यांकडे आला.

इ.स. १८०३ मध्ये इंग्रजांचे शिंदे व भोसले यांच्याशी युद्ध पेटले. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला लढाई होऊन भोसल्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली व तिने गाविलगडाचा आसरा घेतला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

आता गडाची ठेवण पहा. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या बाजूने, सरळ उभा कडा आहे. फक्त उत्तरेला तो पठाराशी जोडलेला आहे. तट फोडायचा तर तोफा उत्तरेकडेच लावायला पाहिजेत आणि उत्तरेला जायचे तर डोंगराला वळसा घालून मागून चढावे लागते. ७ डिसेंबरला अचलपुराहून फौजेचे दोन भाग झाले. वेलस्ली दक्षिणेच्या बाजूने निघाला. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा घेऊन धामणगाव व मोथा या मार्गाने डोंगरात शिरली. हा स्टीव्हन्सन स्वतः आजारी होता. अडगावच्या लढाईत तर तो हत्तीवर बसून होता.

अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेचारशे मीटर उंच आहे, तर चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. म्हणजे सातशे मीटरहून जास्त चढण झाली. वाट सुमारे तीस मैलांची, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरची. पायथ्याशी पळस, मोह, तेंदू. मग दाट साग आणि बांबू. मधे खोल नाले. वर पठारावर पोहोचले की हवा एकदम पालटते आणि डिसेंबरातली रात्र हाडे गोठवते. वाघाचे रान ते. हे कोरकूंचे मुलूख, त्यांच्या पायवाटा होत्याच. पण पायवाटेने माणूस जाईल, अठरा पौंडी गोळा फेकणारी लोखंडी तोफ कशी जाईल?

याचे उत्तर खुद्द वेलस्लीच्या अहवालात आहे. तो नमूद करतो की, जवळजवळ साऱ्या वाटेने तोफा व सामान माणसांनी हातांनी ओढून नेले आणि ज्या रस्त्याने ओढले तो रस्ताही त्यांनाच आधी करावा लागला. ७ ते १२ डिसेंबर हे काम चालले.

आम्ही गिरणी कामगार आहोत. रुईच्या गाठी लोटण्यात आमची उमर गेली. सपाट फरशीवर गाठ सरकवतानाही कंबर मोडते. इथे तर चढण, खाली दरी, चाकाखाली दगड टाकायला एक माणूस चुकला तर मागचे सारे गेलेच म्हणून समजा. हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला. स्टीव्हन्सनच्या हाताखाली स्कॉटलंडचे गोरे शिपाई होते, मद्रासकडचे देशी शिपाई होते. शिवाय त्या काळच्या कोणत्याही फौजेमागे असत तसे बैलवाले, हमाल, खणती कामगार होते. अहवालात सरदारांची नावे आहेत. ओढणाऱ्यांचे एकही नाव नाही.

पुढचे थोडक्यात असे. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, १५ तारखेला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. १७ तारखेला देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला आणि ३० डिसेंबरला आपल्या शेजारच्या सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. कागदावर सह्या झाल्या आणि आपल्या गावांचा मालक बदलला. शेत कसणाऱ्याला कोणी विचारले नाही.

कोणी म्हणेल, ते तर इंग्रजांचे नोकर, त्यांचे कौतुक कशाला? आम्ही इंग्रजांचा विजय साजरा करत नाही. गडाचे दगड वर वाहणारेही पोटासाठीच राबले आणि तोफा ओढणारेही. दोघांचा हिशेब इतिहासाने सारखाच ठेवला, म्हणजे ठेवलाच नाही.

आता भीमा कोरेगाव आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ तेथे उभा आहे. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यात ‘नाक’ शेवटी असलेली आपल्या पूर्वजांची नावे आहेत. ती कोरलेली होती म्हणूनच वाचता आली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्या दगडातून आपल्याला आपला इतिहास मिळाला. मोथ्याच्या घाटात असा दगड नाही. दोन्हींमधला फरक शौर्याचा नाही, नोंदीचा आहे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. विहाराची सहल पुन्हा चिखलदऱ्याला जाईल तेव्हा गाडी मोथ्याला पाच मिनिटे थांबवा. पोरांना खाली उतरवा, मागची चढण दाखवा आणि सांगा की, इथून माणसांनी हातांनी तोफा ओढल्या. आणि आपल्या विहाराच्या पायव्याचे दगड, विटा, पाणी कोणी वाहिले, कोणत्या मायमाउलीने एका दिवसाची मजुरी दिली, त्यांची नावे म्हातारी माणसे हयात आहेत तोवर वहीत उतरवून घ्या. वर्गणीची यादी आपण छापतोच. तिच्याशेजारी ही यादीही छापली पाहिजे.

जय भीम.